वीतभर डावीकडे

तिसरं करडू गेलं तेव्हा
आरिएलचा आन्तोफागास्ताहून फोन आला,
खाणीतली पाळी संपवून, तोंडात घास असतानाच:
आई, कॅमेरा घे. झोताचा घे.
कुणी हललं की दिवा लागतो, चित्र रंगीत येतं.

झोत म्हणे!
या एल्की खोऱ्यात माणसं अंधार बघायला येतात,
पैसे मोजून.
शेजारच्या टेकाडावर निबाल्दोची दुर्बीण आहे;
माझ्या स्वयंपाकघराचा पडदा जरा सरकला
तरी दुसऱ्या दिवशी तो
पाव मागायच्या निमित्ताने येऊन बोलून जातो.

गोठा घराच्या खाली, अंजिराच्या पलीकडे.
चौतीस पावलं. मी मोजली.
चांदणं नसलं की तिथे
डोळ्यात बोट घातलं तरी कळत नाही
बोट कुणाचं.

विकुन्याच्या दुकानात यास्नाने
शटर ओढलं, दिवे घालवले,
दोन कॅमेरे माझ्यासमोर धरले.
एकात मी रंगीत, पण रव्यासारखी दाणेदार.
दुसऱ्यात राखाडी, स्वच्छ,
आणि डोळे शेळीचे.
"हा काळोखातच बघतो," ती म्हणाली,
"आपल्याला न दिसणाऱ्या उजेडाने.
यातही दोन जाती.
एकाचे दिवे लाल दिसतात, अगदी मंद, विझत्या निखाऱ्याएवढे.
दुसऱ्याचे दिसतच नाहीत,
पण त्याची नजर तोकडी, वीस पावलांत संपते."
मग चहात साखर किती, असं विचारावं तसं तिने विचारलं:
"चोराला कळायला हवंय, की नकोय?"

पकडायचं, की नुसतं परतवायचं.
चाळीस वर्षं शेळ्या राखल्या,
हे मला कुणी विचारलं नव्हतं.

मी लाल घेतला.
माणसाला लाजायला वेळ मिळावा, असं काहीतरी मनात.
शिवाय चौतीस पावलं.
आवाज टिपणारा आठ हजार पेसोंनी महाग होता.
आवाज कशाला? शेळ्या काय बोलणार.

घराच्या कोपऱ्यावरच्या खांबावर मीच चढले.
लिसांद्रो खालून शिडी धरून,
गुडघ्यांच्या नावाने बोटं मोडत.

पहिल्या रात्री पतंग. पांढऱ्या रेघा,
कुणी काळोख नखाने खरवडल्यासारख्या.
दुसऱ्या रात्री कोल्हा.
लाल ठिपक्यांकडे बघत थबकला, विचार केला,
आणि खांबावर मुतून गेला.
तिसऱ्या रात्री, तीन वाजून बारा मिनिटांनी,
लिसांद्रो.

ज्याला दोन पायऱ्या चढवत नाहीत
तो चौतीस पावलं, काठीशिवाय.
एक बादली पालथी घालून बसला.
समोर दुसरी पालथी घातली,
बाहीने पुसली,
आणि बोलायला लागला.

ओठ हलतात. मध्येच थांबतो,
ऐकतो, मान डोलावतो.
एकदा हसला, खांदे हलेपर्यंत.
त्याच्या मागे शेळ्यांचे डोळे,
सांडलेल्या नाण्यांसारखे.
आठ हजार पेसो.
मी ते सात वेळा बघितलं,
ओठांवरून नाव ओळखू येतं का म्हणून.
ब-ने सुरू होत होतं. किंवा प-ने.

सकाळी म्हणाला, रात्रभर गुडघा ठणकत होता.
मी म्हटलं, तेल चोळून देते.

दुपारी तो झोपल्यावर शिडी लावली.
धरायला कुणी नको होतं.
कॅमेऱ्याची मान वीतभर डावीकडे वळवली.
आता कुंपणाचं फाटक दिसतं, पाण्याची टाकी दिसते.
बादल्या दिसत नाहीत.

चौथं करडू त्याच आठवड्यात गेलं,
कपाळावर पांढरा ठिपका असलेलं.
उजवीकडून.

आरिएल विचारतो, एवढे पैसे घातलेस, दिसलं काय?
मी सांगते, कोळी.
रोज रात्री भिंगावर जाळं विणतो,
रोज सकाळी पुसते.